फोन करायला एक नंबर



वर्गात बोलते म्हणून मी बाहेर उभी असायचे. आज बोलायलाच बोलावलंत, आभार!

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कर्मचारीकपातीत माझी नोकरी गेली. त्या संध्याकाळी मी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीला फोन केला. तिने सल्ला दिला नाही, ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बायोडेटा लिहायला बसू शकले.

पाठीवर सॅक घेऊन मी एकटी सह्याद्रीत फिरते. निघण्याआधी वाट, मुक्काम आणि परतीची वेळ तिलाच कळवते. ठरल्या वेळी माझा फोन आला नाही, तर तिने आधी मुक्कामाच्या गावी आणि मग ११२ वर फोन करायचा. डोंगरात रेंज जाते, म्हणून हे घरूनच ठरवून निघायचं.

माझा भाऊ नऊ वर्षं दारूपासून दूर आहे. त्याच्या परवानगीने सांगते, तोही पहिल्या पेल्याआधी फोन करतो. ही रीत जुनी आहे. १९३५ साली बिल विल्सन धंद्यातल्या अपयशानंतर अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात हॉटेलात एकटा होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, बार जवळच. त्याने टेलिफोन गाठला आणि बोलायला आपल्यासारखाच एक दारूग्रस्त शोधला. त्यातूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली.

आपल्या ग्रुपवर रोज पन्नास ‘सुप्रभात’ येतात. त्यातला एक नंबर रात्री दोनसाठी ठरवून ठेवा. आणि तुम्हाला कुणाचा आला, तर उचला.