मॉर्नचा डोंगर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हावयाचे नाही. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त मॉरिशसला असतात. त्यांच्याकडून ऐकलेली तिथल्या एका डोंगराची हकिकत आज आपल्यापुढे मांडते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीचा रस वर आला, थिजला आणि त्याचे बेट झाले. तो ज्वालामुखी आता शांत आहे. कातळ आपल्या सह्याद्रीसारखाच काळा. या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या जमिनीवर ल मॉर्न हा डोंगर उभा आहे. उंची ५५६ मीटर, पण कडे अगदी सरळ तुटलेले. कानातल्या डुलांसारखे दिसणारे एक लाल फूल रानात फक्त याच डोंगरावर फुलते. तेच त्या देशाचे राष्ट्रीय फूल.

फ्रेंचांच्या आणि १८१० पासून इंग्रजांच्या अमलात या बेटावर गुलाम राबत. आफ्रिकेतून, मादागास्करहून, काही तर आपल्या हिंदुस्थानातूनही नेलेले. जाच सोसवेनासा झाला की त्यांतले काही जीव मुठीत धरून पळत आणि या डोंगरावरच्या गुहांत लपून राहत.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, की ही खबर द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे गेली. वरच्यांना वाटले, आपल्याला धरायलाच आले! पुन्हा साखळदंड नकोत म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. सुटका पायथ्याशी येऊन उभी होती, भगिनींनो, आणि माणसे मेली.

शिपाई खोटे सांगायला गेले नव्हते. पण ज्या वर्दीने आजवर दंडुकाच दाखवला, तिच्या तोंडची गोड बातमी खरी कोण मानणार?

हे मला आपल्या कामासाठी सांगावेसे वाटले. शिवणवर्गाचे बोलावणे घेऊन आम्ही चौघी वह्या काखेत मारून मागच्या चाळीत गेलो, तेव्हा बायकांनी आतून कड्या लावल्या आणि पोरांना गप्प बसवले. कर्जाचा हप्ता वसूल करणारी माणसे आली असे त्यांना वाटले. पुढच्या खेपेस त्याच चाळीतल्या भाजीवाल्या मावशींना आम्ही पुढे केले. त्यांनी नुसती हाक मारली नि दारे उघडली. आज तिथल्या सात जणी वर्गाला येतात.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की चांगली गोष्ट घेऊन जाणे पुरेसे नाही. ती कोणाच्या तोंडून जाते तेही पाहिले पाहिजे. येत्या वर्षी वस्तीवस्तीतली एकेक बाई मंडळाच्या कार्यकारिणीत घ्यावी, अशी माझी सूचना आहे.

गुलामांनंतर त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसेही करारावर राबायला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. ल मॉर्नला २००८ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. १ फेब्रुवारीला त्या देशात सुटी असते, आणि डोंगराच्या पायथ्याशी जमून लोक त्या जिवांची आठवण करतात.