वाद्य आणि संगणक यांच्यातील दुभाषी



जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाद्यव्यवसायाचे प्रदर्शन भरले होते. तेथे दोन विद्युत्-वाद्ये एका साध्या केबलने जोडून दाखविण्यात आली. एक होते अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे ‘प्रॉफेट-६००’ आणि दुसरे जपानच्या रोलंड कंपनीचे ‘ज्युपिटर-६’. एका वाद्याची पट्टी दाबली की स्वर दुसऱ्यातून उमटत असे. या कंपन्या बाजारपेठेत परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. तरीही त्यांची वाद्ये त्या दिवशी एकच भाषा बोलत होती. या भाषेला ‘मिडी’ असे नाव मिळाले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि चेट वूड यांनी १९८१ मध्ये अशा समान भाषेचा प्रस्ताव मांडला होता. रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी इतर उत्पादकांना एकत्र आणण्यासाठी परिश्रम घेतले. पुढे २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी यांना या कार्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

समान भाषा ठरली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे मात्र होत नाही. राज्यकारभाराची भाषा एक असली तरी प्रत्येक कार्यालयाचे नमुने आणि रिवाज वेगळे असतात, याचा अनुभव श्रोत्यांना आहेच. वाद्यांचेही तसेच आहे. म्हणून संगणकावरील संगीताची आज्ञावली आणि प्रत्यक्ष वाद्य यांच्यामध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा दुभाषी कोणत्या नियमांनी काम करील, आज्ञावलीला काय विचारता येईल आणि तिला काय उत्तर मिळेल, हे ठरविणे म्हणजेच ड्रायव्हरच्या दुव्याची रचना करणे होय.

केबलमधून काय जाते?

सिंथेसायझर हे विजेच्या साहाय्याने नाद निर्माण करणारे वाद्य आहे. मिडीच्या केबलमधून मात्र नाद जात नाही, केवळ सूचना जातात. स्वरलिपीचा कागद स्वतः गात नाही; गाणाऱ्याला काय गावयाचे ते सांगतो. मिडीचे कार्य तशाच प्रकारचे आहे. १४४, ६० आणि १०० अशा तीन संख्या ओळीने पाठविल्या तर त्यांचा अर्थ होतो : पहिल्या वाहिनीवर, मध्य सप्तकातील ‘सी’ची पट्टी, १०० इतक्या जोराने वाजव. जोराची मर्यादा १२७ पर्यंत असते. एका केबलवर अशा सोळा वाहिन्या चालू शकतात.

मूळच्या पाच पिनांच्या केबलवर दर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक संख्येला आरंभीचा व शेवटचा धरून दहा बिट लागतात. म्हणजे एक संख्या पोहोचावयास ३२० मायक्रोसेकंद, आणि एक स्वर सुरू करावयास सुमारे एक मिलिसेकंद. ड्रायव्हरला आपला सर्व संसार या मिळकतीत चालवावा लागतो.

भेद सांभाळण्याची रीत

मिडीत स्वर सुरू करण्याची आज्ञा सर्व वाद्यांना सारखीच समजते. परंतु वाद्याच्या अंतर्गत रचनेत बदल करावयाचा झाल्यास वाटा फुटतात. फिल्टर ही नादातील उच्च कंपनांचा भाग कमी-अधिक करणारी गाळणी होय. पुष्कळ वाद्यांत ती ७४ क्रमांकाच्या नियंत्रकाने हलविता येते व त्यासाठी तीन संख्या पुरतात. पण रोलंडच्या १९८४ च्या ‘जुनो-१०६’ या वाद्यास त्याच कामासाठी सात संख्यांचा खास संदेश पाठवावा लागतो. असा खास संदेश २४० या संख्येने सुरू होतो आणि २४७ ने संपतो. आरंभानंतर उत्पादकाचा क्रमांक येतो. रोलंडचा ६५, यामाहाचा ६७ अशी ही नोंद जगभर एकच आहे.

आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रत्येक वाद्याची अशी खोड आपल्या आज्ञावलीत गुंफली, तर नवे वाद्य आले की आज्ञावली पुन्हा लिहावी लागेल. चांगल्या रचनेत आज्ञावली एवढेच म्हणते, ‘गाळणी अर्धी उघड.’ ते कोणत्या संख्यांनी सांगावयाचे, हे ड्रायव्हर त्या वाद्याच्या माहितीपत्रकातून पाहतो. हे माहितीपत्रक ड्रायव्हरच्या आत न गाडता त्याच्याबाहेर, कोणालाही वाचता व दुरुस्त करता येईल अशा तक्त्याच्या रूपाने ठेवावे. मग उत्पादकाने जुन्या वाद्याकडे पाठ फिरविली तरी एखादा जाणकार शिक्षक स्वतः तक्ता तयार करून ते वाद्य चालू ठेवू शकेल.

त्याचबरोबर, तक्त्यात न बसणारी आज्ञा आज्ञावलीने जशीच्या तशी पाठवू म्हटले, तर तिला अडवू नये. दुभाष्याने भाषांतर करावे, तोंड दाबू नये.

वेळेचा हिशेब

संगीतात उशिरा पोहोचलेला बरोबर स्वरही चुकीचाच ठरतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या लयीत एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते. तीत चार बोल बसविले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात. त्यात कधी पाच तर कधी वीस मिलिसेकंद असा अनियमित विलंब होऊ लागला, तर लय डळमळते. संगणकाला इतरही कामे असतात आणि ऐन क्षणी तो दुसरीकडे गुंतलेला असू शकतो. म्हणून ‘आता वाजव’ एवढाच निरोप घेणारा ड्रायव्हर अपुरा पडतो. ‘अमुक क्षणी वाजव’ असा, वेळेची नोंद असलेला निरोप आधीच हाती घेऊन तो नेमक्या क्षणी रवाना करण्याची सोय त्याच्यापाशी असावयास हवी. रोलंडच्या ‘एमपीयू-४०१’ या जोडयंत्रात १९८४ च्या सुमारास असे स्वतंत्र घड्याळ होते. मॅक संगणकावरील ‘कोअर मिडी’ आणि लिनक्सवरील ‘अल्सा’ यांतही वेळेसह निरोप देता येतो.

दुसरी अडचण मोठ्या निरोपांची आहे. यामाहाच्या १९८३ च्या ‘डीएक्स-७’ या वाद्यातील ३२ नादांचा संपूर्ण संग्रह पाठवावयाचा झाल्यास ४,१०४ संख्या लागतात. मूळ केबलवर त्यास सुमारे १.३ सेकंद लागतो. या अवधीत ठेका धरणारे घड्याळाचे एकसंख्यी संदेश मध्ये सोडता येतात, तशी नियमात मुभा आहे. स्वराचा संदेश मात्र मध्ये घुसविला तर सारा संग्रह तेथेच तुटतो. तेव्हा वादन चालू असताना असा संग्रह पाठविण्याची आज्ञा आली, तर ड्रायव्हरने ती मुकाट्याने स्वीकारू नये; ‘यास इतका वेळ लागेल, तोवर स्वर थांबतील’ असे आज्ञावलीला स्पष्ट सांगावे. यंत्राची मर्यादा झाकून ठेवणारा दुवा दिसावयास सोपा असतो, पण ऐन कार्यक्रमात तो दगा देतो.

आवक-जावक नोंदवही

कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, तशीच ड्रायव्हरपाशीही असली पाहिजे. मिडीत स्वर सुरू करण्याचा संदेश वेगळा आणि थांबविण्याचा वेगळा. सुरू करून झाल्यावर आज्ञावली बंद पडली, तर थांबविण्याचा संदेश निघतच नाही आणि स्वर अखंड वाजत राहतो. भरल्या सभागृहात हा प्रकार घडला, तर वादकाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येईल.

सोळा वाहिन्या आणि प्रत्येकी १२८ पट्ट्या म्हणजे २,०४८ घरांची वही पुरते. कोणता स्वर चालू आहे याची खूण ड्रायव्हरने तीत करीत राहावे. आज्ञावलीशी संबंध तुटताच, चालू असलेला प्रत्येक स्वर बंद करावा आणि ६४ क्रमांकाच्या नियंत्रकाने पायपट्टी सोडवावी. सर्व स्वर एकदम थांबविणारा १२३ क्रमांकाचा संदेशही आहे. पण सर्वच वाद्ये तो पाळतात असे नाही. म्हणून वहीवर विसंबणे अधिक सुरक्षित होय.

दोन आज्ञावल्या एकाच वेळी एका वाद्याशी बोलू लागल्या, तर प्रत्येकीची वही वेगळी ठेवावी लागते. एकीचे काम संपले म्हणून दुसरीचे स्वर तोडणे रास्त नव्हे.

मींड आणि श्रुती

मिडीच्या रचनेत सप्तकाच्या बारा पट्ट्या गृहीत धरल्या आहेत. हा प्रश्न भारतीय संगीताला नवा नाही. मींड आणि श्रुती पेटीवर निघत नाहीत या कारणाने त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये संवादिनीवर बंदी घातली होती. ती पुढे १९७१ मध्ये शिथिल झाली. मिडीत स्वर वर-खाली सरकविण्याचा एक संदेश आहे. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असून मध्यबिंदू ८,१९२ हा आहे. पायऱ्या सूक्ष्म आहेत, परंतु त्या किती अंतरावर पसरावयाच्या हे ज्या त्या वाद्यात ठरते. पुष्कळ वाद्यांत मध्यबिंदूपासून दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली इतकाच पल्ला सुरुवातीला असतो. षड्जावरून पंचमापर्यंत मींड घ्यावयाची तर सात अर्धस्वर हवेत. आज्ञावलीने एक पल्ला धरला आणि वाद्यात दुसरा असला, तर मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते. म्हणून तो पल्ला ठरविणे व लक्षात ठेवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य ठरते.

शिवाय हा संदेश संपूर्ण वाहिनीला लागू होतो. एका स्वराची मींड घेताना त्याच वाहिनीवरील दुसरा स्वरही सरकतो. प्रत्येक स्वराला वेगळी वाहिनी देणे हा त्यावरील उपाय असून २०१८ मध्ये त्याला प्रमाणित रूप मिळाले आहे. वाहिन्यांची ही वाटणी ड्रायव्हरने पाहावी. वादकाने फक्त राग पाहावा.

पोचपावतीचा प्रश्न

मिडीची मूळ केबल एकाच दिशेने बोलते. पाठविलेला संदेश पोहोचला किंवा नाही, हे साध्या टपालाने टाकलेल्या पत्राप्रमाणे कळत नाही. उलट दिशेने दुसरी केबल जोडली तर ‘तू कोण?’ असा ठरावीक प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर देण्याची सोय असलेले वाद्य आपला उत्पादक, प्रकार व आवृत्ती कळविते. डीएक्स-७ च्या संग्रहाच्या शेवटी ताळ्याची एक संख्या असते, तिच्यावरून चूक पकडता येते. उत्तर आले नाही तर ड्रायव्हरने ‘माहीत नाही’ असेच म्हणावे. ‘सर्व ठीक’ असे खोटे सांगू नये. २०२० मध्ये मान्य झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही बाजूंनी संभाषण अभिप्रेत आहे. तीत समोरच्या वाद्याने उत्तर दिले नाही, तर १९८३ च्याच भाषेत बोलावे असा दंडक आहे. जुन्याला दाराबाहेर न काढता नवे आणण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

लेखी कराराचे बळ

१९८३ चे डीएक्स-७ एका छोट्या जोडयंत्राच्या साहाय्याने आजच्या संगणकाला जोडता येते. त्या काळातील संगणक केव्हाच अडगळीत गेले. वाद्य मात्र बोलते आहे. याचे कारण त्याची भाषा प्रसिद्ध करण्यात आली होती आणि ती वापरण्यासाठी कोणास शुल्क द्यावे लागत नव्हते.

शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी वा कार्यालयासाठी कोणतेही यंत्र घेताना किंमत आणि हमीची मुदत पाहिली जाते, ते योग्यच आहे. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : हे यंत्र ज्या भाषेत बोलते, तिचे नियम लेखी व सर्वांना खुले आहेत काय? ते खुले असतील तर आजचा दुभाषी गेला तरी उद्या दुसरा तयार करता येईल. ते बंद असतील, तर विक्रेत्याने मौन धरले त्या दिवशी चांगले चालणारे यंत्रही मुके होईल, आणि जनतेच्या पैशाने घेतलेली वस्तू कपाटात पडून राहील.