त्या रात्री काय नेसू?

(वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्तींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणापुढे 'स्त्री आणि पोशाख' असा विषय छापला आहे. तो वाचून काहीजणी मनात म्हणाल्या असतील, की पाण्याचे, मजुरीचे, मारहाणीचे इतके प्रश्न पडलेले असताना ही बाई साड्यांवर काय बोलणार! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या वर्षी आमच्या कारंज्याच्या गटातल्या एका बाईंनी एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

या बाई निवृत्त शिक्षिका. मुलगी-जावई परदेशात असतात. त्यांनी आईला जहाजावरच्या सहलीला न्यायचं ठरवलं. अशा जहाजावर आठवडाभराच्या प्रवासात एक-दोन रात्री खास जेवण असतं. त्या रात्री काय घालून यावं याची सूचना आधीच येते. पुरुषांनी कोट-टाय, स्त्रियांनी लांब झगा किंवा तसाच समारंभाचा पोशाख. आपल्या देशाचा पारंपरिक पोशाखही बहुतेक ठिकाणी चालतो. ज्यांना हे सगळं नको असेल त्यांनी दुसऱ्या भोजनगृहात साध्या कपड्यात जेवावं.

बाई मला म्हणाल्या, "त्या रात्री मी काय नेसू गं?"

मी म्हटलं, "बाई, साडी चालते. चांगली जरीची नेसा की."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चालतं ते जहाजावर. मला चालतं का, ते विचारत होते."

बाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या फिक्या रंगाच्या, सुती साड्या नेसतात. जरीचा शालू पेटीत आहे. नेसू नको असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सांगायची कोणाला गरजच पडली नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली, निवृत्तिवेतन घेणारी, स्वतःच्या सहीवर बँक चालवणारी बाई. तिलासुद्धा एक साडी पेटीतून काढायला जहाजावरच्या सूचनेचा आधार लागला. आणि तरीही मनात धाकधूक होतीच. "तिथं मला कोणी ओळखत नाही गं, पण फोटो इथं येतील ना!"

मैत्रिणींनो, समारंभाला काय घालायचं हा प्रश्न आपण हौसेचा समजतो. पण चारचौघांत यायचं, तर कोणत्या रूपात यायचं हे त्यात ठरत असतं. पोशाख म्हणजे चारचौघांत प्रवेश करण्याचं तिकीट. ते तिकीट कोण देतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारलं पाहिजे.

जहाजावरच्या पोशाखाचा प्रश्न पडलेली कारंज्याची बाई पहिली नव्हे. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. सोबत नवरा नाही, नातेवाईक नाही. वैद्यकी शिकायला अमेरिकेत चाललेल्या. जाण्यापूर्वी त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूरला जाहीर भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असं सांगितलं. म्हणजे काय खायचं, काय नेसायचं याचा जबाब निघण्याआधीच द्यावा लागला. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना समाजाने प्रायश्चित्त सांगितलं असेल, पण तिथल्या थंडीत पँट घातलीस का, म्हणून त्यांना कोणी इतकं धारेवर धरलं नाही.

अमेरिकेत थंडी पडली. आपल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, पण नेसण्याची पद्धत बदलली. पाय झाकणारी गुजराती पद्धत घेतली. हा निर्णय त्यांनी स्वतःच्या शरीराकडे आणि हवेकडे बघून घेतला. मला त्यांच्या पदवीइतकंच याचंही मोल वाटतं. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या त्यांच्या महाविद्यालयात अधिष्ठात्यांनी स्वागतसमारंभ ठेवला होता. त्या वेळचं छायाचित्र पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी, तिघीही वैद्यकी शिकणाऱ्या. छायाचित्र फार सुंदर आहे. पण मी ते बघते तेव्हा दुसराही प्रश्न मनात येतो. समारंभात प्रत्येकीने आपापला देश अंगावर घेऊन उभं राहायचं, ही अपेक्षा त्या तिघींवर होती. त्यांच्या अमेरिकन वर्गमैत्रिणी मात्र नुसत्या विद्यार्थिनी होत्या.

आता पुढची गोष्ट. महाड, डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली गेली त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले. तुमची लुगडी नेसण्याची पद्धत, हातभर घातलेले कथलाचे नि चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, लुगडं इतर बायकांसारखं पायघोळ नेसा, जुनं असलं तरी स्वच्छ असू द्या, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. परिषदेतच लुगडी नव्या पद्धतीने नेसली गेली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे या चळवळीतल्या बायकांचा इतिहास आपल्यापर्यंत पोचला आहे. तो प्रत्येक गटाने वाचावा.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. आनंदीबाईंनी आपला पोशाख राखला. महाडच्या बायकांनी आपला पोशाख टाकला. वरवर पाहता उलट वाटतात. पण एकीला साडी म्हणजे आपलं माणूसपण टिकवणं होतं, तर दुसरीच्या लुगड्याचा घोळ वर खोचणं ही कोणाची तरी जबरदस्ती होती. म्हणून 'परंपरा चांगली की आधुनिकता चांगली' या वादात आपण पडू नये. तो वाद बहुधा पुरुष घालतात आणि कपडे बायकांचे असतात.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. आपल्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांचं स्थान, देशभरच्या बंजारा समाजाचं तीर्थ. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ज्या समाजाला इंग्रजांच्या राजवटीत गुन्हेगार ठरवलं गेलं, त्याचा इतिहास मानाने मांडला जातो, याचा आनंद आहेच. बंजारा बायकांचा फेटिया, कांचळी, आरसे-कवड्यांचं भरतकाम, केसातली घुगरी, हातातला चुडा हे त्यांच्याच बोटांचं काम आहे. ती कला आहे.

पण तांड्यावर जा आणि बघा. म्हाताऱ्या बायका सोडल्या तर रोजच्या अंगावर साडी आहे, मुलींच्या अंगावर ड्रेस आहे. ऊसतोडीला, मजुरीला जाताना तो जड फेटिया परवडत नाही. चांदी सावकाराकडे गेली ती परत आली नाही. मग फेटिया अंगावर कधी येतो? पाहुणे आले की.

एकदा एका मोठ्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी आमच्या गटाला निरोप धाडला, की तांड्यावरच्या वीस बायका 'पारंपरिक वेशात' पाठवा. बायकांनी कपडे शेजारच्या तांड्यावरून उसने आणले. उन्हात दोन तास फाटकाशी उभ्या राहिल्या. पाहुणे आले, नाच झाला, फोटो निघाले. त्यांच्यात एक ग्रामपंचायत सदस्य होती. तिला मंचावर खुर्ची नव्हती. साडीत आली असती तर कदाचित सदस्य म्हणून ओळखली गेली असती. फेटियात ती फक्त 'संस्कृती' होती. आणि गटातली सर्वात चांगलं गाणारी बाई त्या दिवशी घरीच राहिली. कारण ती विधवा. घुगरी आणि चुडा सवाष्णीचे. त्यांच्याशिवाय वेश पुरा होत नाही आणि ते घातले तर तांडा बोलतो. म्हणजे पोशाखाच्या एकाच निरोपाने एक बाई मुकी झाली आणि दुसरी गैरहजर झाली.

इथे मला आपल्याच घरात बोट दाखवायचं आहे. मागे ८ मार्चच्या मोर्चासाठी आम्ही ठरवलं, की सगळ्यांनी एका रंगाची साडी नेसायची. एकजूट दिसते, फोटो चांगला येतो. साडी चारशे रुपयांची, पैसे ज्याचे त्याने द्यायचे. मोर्चा छान झाला. पण दर बैठकीला येणारी एक मजूर बाई आली नाही. नंतर विचारलं तर हसून म्हणाली, "तुमच्या फोटोत माह्यं लुगडं येगळं दिसलं असतं न ताई."

चारशे रुपये म्हणजे तिची दीड-दोन दिवसांच्या निंदणाची मजुरी. जहाजाच्या कंपनीने निदान साध्या कपड्यातल्यांना दुसरं भोजनगृह ठेवलं होतं. आम्ही तेवढंही ठेवलं नाही. मोर्चा बाईच्या हक्काचा आणि त्यातून बाईच बाहेर! ही चूक आमची होती, माझी होती, आणि ती कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्यांच्या नियमांवर बोलण्याचा अधिकार नाही.

दुसऱ्यांचे नियम तर चारी बाजूंनी आहेतच. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको. नियम दोघांनाही आहे असं म्हणता येईल. पण सरांचा शर्ट बाहेर आला तर ते गबाळे दिसतात, एवढंच. बाईचा दुपट्टा नसला तर तिच्या चारित्र्यावर बोललं जातं. नियम एकच असला तरी दंड वेगळा असतो.

आणि दंड बदलता येतो, हेही आपण पाहिलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रकाने मन बदलत नाही हे मला माहीत आहे. पण जिला बांगडी भरायची आहे, तिच्या पाठीशी गावाचा कागद उभा राहतो. जिला नको आहे तिच्यावर सक्ती नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या गावांत असा ठराव झाला नाही, तिथे पुढच्या ग्रामसभेत तो मांडणं हे आपलं काम आहे. ठराव मांडणारी शक्यतो विधवा बाईच असावी आणि तिच्या शेजारी आपण दहा जणी बसलेल्या असाव्यात.

आमच्या गटाने या सगळ्यावर दोन बैठका घेतल्या. भांडणंही झाली. एका रंगाची साडी हवी म्हणणाऱ्या म्हणाल्या, की वर्षातून एक दिवस आम्हालाही सारखं, नटलेलं दिसावंसं वाटतं, त्यात पाप काय? त्यांचंही खरं आहे. नटण्याची हौस कुणी मारायची नाही. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. त्या तुमच्यापुढे ठेवते, तुम्ही त्यात भर घाला.

पहिली, आपल्या कोणत्याही निमंत्रणात पोशाखाची अट नसेल. एकजूट दाखवायची तर सगळ्यांना सारखी पट्टी किंवा रुमाल, तोही संघटनेच्या खर्चाने.

दुसरी, कोणी 'पारंपरिक वेशात बायका पाठवा' म्हटलं, तर आधी त्या बायकांना विचारायचं. त्या तयार असतील तर त्यांना मानधन, सावलीत बसायला जागा आणि बोलायला माइक मिळाला पाहिजे. नाही तर निरोप परत.

तिसरी, आपल्या हळदीकुंकवाला, सत्काराला, कोणत्याही समारंभाला कोणती बाई सवाष्ण आणि कोणती विधवा हे विचारलं जाणार नाही. काय घालायचं, काय लावायचं, हे जिचं तिने ठरवायचं.

कारंज्याच्या बाईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्या सहलीला गेल्या. त्या रात्री शालू नेसल्या. मुलीने काढलेला फोटो त्यांनी स्वतःच आमच्या गटाच्या मोबाईलवर पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "नेसले." आम्ही सगळ्या खूश झालो. पण परत आल्यावर पुतणीच्या लग्नात त्या पुन्हा फिक्या साडीतच दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथं अजून धीर होत नाही."

मी त्यांना दोष देत नाही. जहाजावर त्यांना कोणी ओळखत नव्हतं म्हणून त्या नेसू शकल्या. जिथे सगळे ओळखतात तिथे, कारंज्याच्या मंगल कार्यालयात, तो शालू त्यांना निर्धास्तपणे नेसता यावा यासाठी आपली संघटना आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्याच घरी गटाची बैठक आहे. मी माझी एक जरीची साडी नेसून जाणार आहे. त्यांनी काय नेसावं ते मात्र त्यांनीच ठरवायचं.