कापडी टपाची नवी मोटार

वाशीमहून पुसदकडे निघालें म्हणजे वाटेंत अनसिंग लागतें. भोंवतालीं काळी जमीन. तींत कापूस, तूर आणि आतां मुख्यतः सोयाबीन. वैशाखांत येथील ऊन मोटारीच्या पत्र्याला हात लावूं देत नाहीं, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला कीं त्याच जमिनीचा चिखल चाकें सोडीत नाहीं. अशा गांवीं कोणा गृहस्थानें मिटतां-उघडतां येणाऱ्या कापडी टपाची नवी मोटार आणली, तर वर्षाच्या आंतच त्या टपाची जी परीक्षा होते, ती शहरांतील गाडीखान्यांत उभ्या राहणाऱ्या मोटारीची क्वचितच होत असेल.

कापडी टप ह्या रस्त्यांना अपरिचित नाहीं. मुंबईस विलीज जीपची जुळणी होऊं लागली, आणि पुढें कित्येक वर्षें वऱ्हाडांतील खेड्यांतून उतारू वाहणाऱ्या जीपगाड्यांच्या डोक्यावर ताडपत्री असे. ती गळे, फडफडे, तिच्या फटींतून धूळ आंत येई. उतारू उपरण्यानें तोंड झांकून मुकाट्यानें बसत. ताडपत्रीकडून कोणी अधिक अपेक्षा केलीच नव्हती. २ ऑक्टोबर २०२० रोजीं महिंद्र कंपनीची नाशिकास तयार होणारी नवी थार बाजारांत आली, तेव्हां तींत पक्क्या छपराबरोबर मिटत्या कापडी टपाचाहि पर्याय होता. आंत थंड हवेचें यंत्र, समोर बोटाच्या स्पर्शानें चालणारा पडदा. अशा मोटारीचा टप, मग ती कोणत्याहि कारखान्याची असो, घेणारा आतां बंद खोलीचें छप्पर म्हणून पाहतो. त्याच्या तक्रारींपैकीं कांहीं रास्त असतात, कांहीं निव्वळ कापडाच्या स्वभावाविरुद्ध असतात, आणि हा भेद त्याला सांगतां आला नाहीं, तर विकणारा दोहोंची बोळवण एकाच वाक्यानें करतो : "कापडाचें असेंच असायचें."

तें वाक्य कोठवर खरें आहे, हें पाहण्यासारखें आहे. चांगल्या टपाचें कापड तिपदरी असतें. वरचा पदर कृत्रिम धाग्याचा, मधला रबराचा, आंतला अस्तराचा. दोन कापडांमध्यें रबर घालण्याची ही युक्ति स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ मध्यें काढली. तिचा पहिला उपयोग पावसाळी अंगरख्याला झाला. त्या वेळचें रबर थंडींत कडक होई आणि उन्हांत चिकट. गंधकाची प्रक्रिया करून हा दोष काढण्याचें पेटंट अमेरिकेंत चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्यें मिळालें. तेव्हां अखंड कापडांतून पाणी ठिबकत असेल, तर त्याला कापडाचा स्वभाव म्हणतां येत नाहीं.

पाणी येतें तें बहुधा शिवणींतून आणि कडांतून. सुई प्रत्येक टांक्याला एक भोंक पाडते. जुना सुती दोरा भिजला कीं फुगे आणि तें भोंक आपोआप बुजवी. आजचा पॉलिएस्टरचा दोरा टिकाऊ खरा, पण तो फुगत नाहीं, म्हणून शिवणीवर निराळी पट्टी चिकटवावी लागते. ती पट्टी कोठें सुटली आहे, हें बोटानें चाचपून कळतें. कडांची गोष्ट अधिक नाजूक आहे. पक्क्या छपराच्या गाडीचा सांगाडा एकसंध असतो. येथें मात्र दाराची कांच, टपाची कमान आणि मधली रबरी पट्टी ह्या तिघांचें जमावें लागतें. कागदाची चिठी रबर आणि कांच ह्यांमध्यें धरून दार लावावें व ती हलकेच ओढावी. ती जरा अडली पाहिजे. सहज निघून आली, तर तेथून पाणी येईल आणि त्याआधीं धूळ येईल.

आवाज हा मात्र पुष्कळ अंशीं स्वभावच. गाडी वेगांत असतां टपावरील हवेचा दाब उतरतो, आंतील हवा कापडाला वर ढकलते आणि टप फुगतो. इतकें कोणत्याहि कापडाचें होणारच. पण टप एकाच बाजूस फडफडत असेल, डाव्या कोपऱ्यांत सुरकुती असून उजवा कोपरा ताठ असेल, तर कमान तिरपी बसली आहे. ढिल्या जागीं पाणी सांचेल आणि ताठ जागीं शिवण उसवेल. डावी-उजवी बाजू ताडून पाहणें ही ह्या विषयांतील सर्वांत सोपी आणि बहुतेकांस न सुचणारी कसोटी होय.

अनसिंगकराची खरी अडचण पंचांगांतली आहे. नवी मोटार घ्यावयाची ती दसऱ्याला. तेव्हां पाऊस सरत आलेला असतो. पुढें सात-आठ महिने टप कोरडाच राहतो, उन्हांत तापतो, त्याच्या घड्यांत काळी धूळ बसून कापडाला घांसते; आणि जूनमध्यें मागच्या आसनावर पहिलें पाणी पडतें, तेव्हां दोष जोडणीचा कीं वापराचा, हें सिद्ध करणें कठीण होतें. कायदा अगदींच दूर नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें, आणि त्याला सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. परंतु आयोगापुढें कागद लागतो, आणि तो पहिल्याच दिवशीं करून ठेवावा लागतो.

म्हणून दुकानांतच बागेच्या नळीनें गाडीवर पाणी सोडवावें : प्रथम दारांच्या खालच्या बाजूस, मग हळूहळू वर, निदान अर्धा तास. गाडी धुण्याचा जोराचा पंप वापरूं नये. त्याचें पाणी चांगल्या पट्टीलाहि भेदून जातें आणि त्यावरून कांहींच ठरत नाहीं. घरच्या एखाद्या माणसानें कोरडें वर्तमानपत्र मांडीवर घेऊन आंत बसावें. कोठें थेंब पडला, तर त्या जागेचें छायाचित्र घ्यावें, ताबा-पावतीवर दोन ओळी लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी, आणि टप पुरा वाळेपर्यंत तो मिटूं देऊं नये. ओल्या घडीला बुरशी धरते. झेंडूची माळ त्यानंतर घातली तरी चालते.