खेळातलं माणूस मेलं तर

आज मी हप्त्याबद्दल बोलणार नाही आणि वहीबद्दलही फारसं बोलणार नाही. आज एका खेळाबद्दल बोलायचं आहे. ऐकताना सुरुवातीला वाटेल, की हिला काय झालं, पोरांचे खेळ घेऊन बसली. पण शेवटपर्यंत ऐका, कारण या खेळामुळे मला माझी एक चूक कळली आणि ती चूक आपल्या गटाच्या बैठकीतच घडली होती.

माझा भाचा पुण्याला नववीत शिकतो. मे महिन्यात तो तीन मित्रांना घेऊन चार दिवस आंबे खायला आला. पोरं दिवसभर ओट्यावर बसून काहीतरी खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाच्या हातात एकेक कागद, पेन्सिल आणि मध्ये एक विचित्र फासा. आपल्या फाशाला सहा बाजू, त्याला वीस! एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे फासा टाकायचे आणि "मी दार ढकलते", "मी झाडावर चढतो" असं बोलायचे. हो, "ढकलते" असं माझा भाचाच म्हणायचा, कारण खेळात तो एक बाई होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचा जेवायला आला नाही. गोठ्यामागे जाऊन बसला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, माझी बाई मेली."

माझी आई हसली. म्हणाली, "कागदावरच्या माणसाचं का सुतक पाळायचं असतं?" खोटं कशाला सांगू, मीही हसले.

रात्री त्याच्याशेजारी अंथरूण टाकून सगळं नीट विचारून घेतलं. या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापून आणला. त्यानंतर तशा तऱ्हेचे कितीतरी खेळ निघाले. यात हार-जीत नसते. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. त्या माणसाचं नाव, गाव, आईबाप, स्वभाव सगळं आपणच ठरवायचं. तेच माणूस घेऊन महिनोन् महिने खेळायचं, काही ठिकाणी तर वर्षानुवर्षं. ते शिकतं, कमावतं, मोठं होतं. माझ्या भाच्याची बाई वैदू होती. जडीबुटी द्यायची, जखमा बांधायची. तिला एक धाकटा भाऊ होता. आठ महिने दर रविवारी तो ती बाई होऊन बसत होता. मग मला हसल्याची लाज वाटली. आपण मालिकेतली सून गेली तर डोळ्याला पदर लावतो, आणि ती तर दुसऱ्या कुणी लिहिलेली असते.

आता मरण कसं येतं ते सांगते. प्रत्येक माणसाला जगण्याचे काही गुण दिलेले असतात. मार लागला की ते कमी होतात. अगदी जुन्या नियमात गुण शून्य झाले की माणूस खलास. गायगॅक्सनं १९७५ साली एका स्पर्धेसाठी एक थडग्याची गोष्ट रचली होती. ती अजून प्रसिद्ध आहे, कारण तिच्यात पावलोपावली खेळणाऱ्यांची माणसं मरतात. हल्लीचा नियम थोडा मायाळू आहे. शून्यावर आलं की माणूस बेशुद्ध पडतं आणि आपल्या प्रत्येक पाळीला तो वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर चांगलं, खाली पडलं तर वाईट. तीनदा चांगलं आधी आलं तर जीव वाचला, तीनदा वाईट आधी आलं तर गेला. वीस पडलं तर माणूस उठूनच बसतं. एक पडला तर ते दोनदा वाईट धरतात. या मधल्या वेळात दुसरं कुणी धावून आलं तर वाचवता येतं.

भाच्याची बाई पुलावर थांबली होती, मागचे पळून जावेत म्हणून. ते पळाले. तिच्यासाठी फासा पडला सात, मग बारा, मग चार, मग नऊ. धावून यायला जवळ कुणी नव्हतं. संपलं.

मेलेलं माणूस उठवायचीही सोय या खेळात आहे. एका मिनिटाच्या आत मंत्र टाकला तर तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो. दहा दिवसांच्या आत दुसरा मंत्र चालतो, त्याला पाचशेचा. म्हणजे तिथेही संजीवनी पैसेवाल्यालाच. शुक्राचार्यानं कचाला उठवलं तेव्हा निदान हिरा तरी मागितला नव्हता.

संजीवनीवरून मला शाळेतली कबड्डी आठवली. मी सातवीपर्यंत खेळले. आपल्या खेळांतही गडी मरतो की. आपण "बाद" कमी म्हणतो, "मेला" जास्त म्हणतो. सोंगटीसुद्धा मरते. आमच्या बाई सांगायच्या, कबड्डीचे पूर्वी तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक गडी मारला की आपला मेलेला एक जिवंत होतो. आजची कबड्डी बहुतेक तशीच आहे. गामिनीत एकदा मेला की मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमर प्रकारात गडी बाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालतो.

भाच्याला हे सांगितलं तर तो उठूनच बसला. म्हणाला, आमच्या खेळातही हेच तीन पंथ आहेत. कुणी म्हणतं मेलेला परत आणता आला पाहिजे. कुणी म्हणतं मेला तो मेला, नाहीतर जीव धोक्यात घालण्यात काय राम! आणि कुणी म्हणतं कुणाला मारायचंच नाही, त्याऐवजी दुसरं नुकसान होऊ द्यायचं, हात जावा, घर जावं, मित्र तुटावा. मला तिन्ही बरोबर वाटतात. कबड्डीत मात्र यातलं काय खेळायचं ते शिट्टी वाजायच्या आधी सगळ्यांना ठाऊक असतं. या चौघांनी ते आठ महिन्यांत एकदाही बोलून घेतलं नव्हतं. भाचा मनात संजीवनी खेळत होता आणि गोष्ट सांगणारा पोरगा गामिनी.

मी विचारलं, "मग गोष्ट सांगणाऱ्यानं हळूच आकडा बदलून तुला वाचवलं असतं तर?" काही ठिकाणी तसं करतात म्हणे, पुठ्ठ्याच्या आडोशाला फासा टाकतात आणि नऊ पडला तरी दहा सांगतात. भाचा म्हणाला, "नको. मग पुलावर थांबण्यात काय होतं?" मला त्याचं पटलं. थकलेला हप्ता वहीत भरला म्हणून लिहिला तर त्या दिवशी त्या बाईची अब्रू राहते, पण पुढे तिचं भरलेलं खातंही कुणाला खरं वाटत नाही. दया दाखवायची तर नियमातच ठेवावी, सगळ्यांसमोर.

खरं तर त्याला मरणाचं एवढं लागलंच नव्हतं. लागलं ते त्यानंतरचं. बाई मेली तसा गोष्ट सांगणारा म्हणाला, "चला पुढे." बाकीच्या दोघांनी लगेच तिचं सामान वाटून घेतलं. घोडा तुला, औषधाची पिशवी मला. आणि हा दोन तास तिथंच बसून होता. त्याला पाळी नाही, बोलायचं नाही. मध्ये दोनदा त्यानं त्यांना पाणी आणून दिलं.

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हे मी पाहिलेलं होतं. पाहिलेलं काय, केलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटात गरोदरपणातल्या काळजीवर मी रोल प्ले घेतला होता. आपण प्रशिक्षणात नेहमी घेतो तसाच. एक ताई गरोदर सून झाली, एक सासू, एक नवरा. प्रसंग मीच लिहिला होता. सासू म्हणते कशाला दवाखाना, नवरा गाडी शोधत बसतो, उशीर होतो आणि सून जाते. परिणाम व्हावा म्हणून मी तसं लिहिलं. त्या ताईला सांगितलं, "आता तू मेलीस, कडेला बस." ती भिंतीला टेकून बसली. आम्ही चर्चा सुरू केली, कोण कुठे चुकलं, फळ्यावर लिहिलं. कुणीतरी चेष्टाही केली, "मेलेलीला चहा द्यायचा का गं?" सगळ्या हसल्या. तीही हसली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीकडे पाठवून दिले. नंतर कळलं, तिची सख्खी धाकटी बहीण बाळंतपणातच गेली होती. गटातल्या निम्म्या बायकांना ते माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

खेळणाऱ्या लोकांनी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलेला आहे, हे मला भाच्याकडून कळलं. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं होतं, पण या पोरांनी ते वाचून सोडून दिलं होतं. मोठ्या गोष्टीला हात घालण्याआधी एक बैठक नुसती बोलण्याची घ्यायची. मरण ठेवायचं का? ठेवलं तर कसं? कुठला विषय अजिबात नको? कुठला असला तरी चालेल, पण पडद्याआड, म्हणजे घडलं एवढंच सांगायचं, वर्णन करायचं नाही? ही रेघ आणि पडद्याची पद्धत रॉन एडवर्ड्स नावाच्या खेळ रचणाऱ्यानं सांगितली. दुसरी पद्धत जॉन स्टाव्ह्रोपोलस यांची. एका कागदावर फुली काढून तो सगळ्यांच्या मध्ये ठेवायचा. कुणाला काही सोसवेना, तर तिनं कागदाला हात लावायचा. तेवढा भाग गाळून पुढे जायचं. का, ते विचारायचं नाही. शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे "का गं, काय झालं?" हे मायेनंच विचारतो आपण, पण दहाजणींसमोर विचारतो.

तिकडे अमेरिकेत १९८४ साली या खेळाच्या विरोधात एक धार्मिक चित्रपुस्तिका निघाली होती. खेळानं पोरं बिघडतात अशी तेव्हा तिकडे भीती पसरली होती. त्या पुस्तिकेत एका मुलीचं खेळातलं माणूस मरतं, तिला मंडळातून हाकलतात आणि ती जीव देते. खेळणारे लोक आजही त्या पुस्तिकेची टर उडवतात, आणि अतिशयोक्ती तर ती आहेच. मला मात्र वाटतं, लिहिणाऱ्याचा नेम चुकला. त्याच्याच गोष्टीत पोरीचा घात खेळानं कुठे केला? तिला उठवून बाहेर काढलं, तो घात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी करत होती. पोरं चुलीपाशी आली. आई, जी आदल्या दिवशी हसली होती, तीच म्हणाली, "अरे, त्या बाईच्या घरी निरोप तरी धाडलात का? घोडे काय वाटून घेता?"

पोरं गप्प झाली. मग ओट्यावर जाऊन त्यांनी तेवढाच भाग खेळला. ज्या दोघांना वाचवलं होतं ते तिच्या गावी गेले. गोष्ट सांगणारा पोरगा तिची आई झाला. भाच्याला त्यांनी विचारलं, ती पुलावर शेवटचं काय म्हणाली असेल, ते तूच सांग. त्यानं सांगितलं. काय ते मी इथे सांगत नाही, ते त्याचं आहे. घोडा परत दिला गेला. आणि भाचा त्या बाईचा धाकटा भाऊ होऊन त्यांच्याबरोबर निघाला. नवं माणूस अगदी पहिल्या पायरीवरून सुरू करायचं की बाकीच्यांच्या बरोबरीनं, यावर थोडं भांडण झालं. शेवटी बरोबरीनं ठरलं. आईनं फोडणीच्या भाताचं पातेलं ओट्यावरच आणून ठेवलं.

पोरं गेल्यावर मी त्या ताईच्या घरी गेले. माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण मला एवढी घाई करून मारायला नको होतं, मॅडम. मी काही बोललेच नाही." खेळात म्हणत होती ती की बहिणीबद्दल, मी विचारलं नाही.

तोच प्रसंग आम्ही पुन्हा घेतला, तिला विचारून. या वेळी आधी अर्धा तास नुसतं बोललो. सून मरणार का? बायकांनी ठरवलं, नाही. ती वाचेल, पण बाळाचं काय होतं ते पडद्याआड. त्या ताईला सून व्हायचं नव्हतं. ती शेजारीण झाली, जी सासूला न विचारता १०८ ला फोन लावते. गाडी येईपर्यंत सुनेचा हात धरून बसायचं होतं, ते मी कुठे लिहिलं नव्हतं. तिनं ते आपणहून केलं, आणि बराच वेळ केलं. या वेळी कुणी चहाची चेष्टा केली नाही.

आता आमच्याकडे रोल प्ले असला की सतरंजीवर मध्ये फुलीचा कागद असतो. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर शिक्क्याची डबी ठेवतो. श्रावणात दारूबंदीचा प्रसंग चालू होता तेव्हा एका काकूंनी डबी उचलून कागदावर हात ठेवला. आम्ही तो भाग सोडला, पुढचा घेतला आणि पाच वाजता बचत जमा करून घरी गेलो.