मापाचा अडसर आणि नावाचा अडसर



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. आजचा विषयही एका तक्रारीतूनच माझ्यापाशी आला. एका आस्थापनेत, नाव घेत नाही, कंत्राटावरचा एक पोरगा संगणकाच्या जाळ्याची देखभाल करीत असे. जुन्या स्विचमधले एक मॉड्यूल जळाले. मूळ कंपनीचे महाग, शिवाय जुन्या मालाचे लवकर मिळेना. म्हणून त्याने वरिष्ठांना विचारून दुसऱ्या कंपनीचे बसविले. पोर्ट सुरू होईना. साहेबांनी स्विच बिघडविल्याचा ठपका ठेवून त्याचा आठ दिवसांचा पगार कापला.

हे मॉड्यूल म्हणजे करंगळीएवढा धातूचा तुकडा. विजेच्या संकेतांचा प्रकाश करून तो काचेच्या तारेत सोडतो, आणि आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करतो. एसएफपी म्हणतात त्याला. त्याचे माप व जोडणी अनेक कारखानदारांनी मिळून ठरविली. त्यांचे २००१ सालचे करारपत्र आहे. हेतू हा, की कोणाचाही तुकडा कोणाच्याही खाचेत चालावा.

मग अडते कोठे? आपल्या वरठीवरून जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात मीटरगेज होती. बंगाल-नागपूर कंपनीने ती घेतली व रुंद केली. अरुंद रुळांचा डबा रुंद रुळांवर चालत नाही, यात कोणाची लबाडी नाही. तसेच येथे. १० गिगाबिटचे मॉड्यूल जुन्या १ गिगाबिटच्या खाचेत शिरते, पण बहुधा चालत नाही. एका टोकाला ८५० नॅनोमीटरचे आणि दुसऱ्याला १३१० चे बसविले, तर दोघांचे बोलणे जमत नाही. हा मापाचा अडसर. त्यासाठी कंपनीला शिव्या देऊ नयेत.

दुसरा अडसर नावाचा. प्रत्येक तुकड्यात छोटी स्मृती असते आणि तिच्यात कारखानदाराच्या नावासाठी १६ अक्षरांची जागा. काही स्विच हे नाव आणि कंपनीची खूण तपासतात. परके दिसले की पोर्ट बंद. माप ठीक, प्रकाश ठीक, पण आडनाव विचारून दाराबाहेर! हा प्रकार आपल्याला नवा नाही.

कंपन्या म्हणतात, आम्ही न तपासलेल्या मालाची हमी कशी द्यावी? रास्त आहे. स्वस्त मालात तापणारे, मंद प्रकाशाचे तुकडे असतातच. त्या तुकड्याची हमी नाकारा. पण दार कशाला लावता? म्हणून आपल्या पतसंस्थेसाठी, शाळेसाठी असा माल घ्याल तेव्हा स्विचचे नेमके मॉडेल विक्रेत्याला सांगा आणि न चालल्यास परत घेण्याची अट लेखी घ्या.

त्या पोराच्या बाबतीत आम्ही एवढेच मागितले, की स्विचची नोंद सर्वांसमक्ष वाचावी. नोंदीत लिहिले होते : अमान्य मॉड्यूल. बिघाडाचा शब्द नव्हता. काही स्विचांत परके मॉड्यूल चालू देण्याची आज्ञा असते; या स्विचात ती होती. ती देताच पोर्ट उघडला.

पगार परत मिळाला. पुढच्या महिन्यात त्याचे कंत्राट मात्र वाढविले नाही. ते भांडण अजून चालू आहे. स्विचही चालू आहे, त्याच मॉड्यूलवर.