न विचारलेला प्रश्न

गाय पारखून घेणारा शहाणा गृहस्थ तिचे दांत पाहतो, कास पाहतो, चाल पाहतो. परंतु तिच्या पेशींत मनुष्यानें कांहीं फेरफार केला आहे काय, हें डोळ्यांना दिसत नाहीं. तें प्रयोगशाळेलाच विचारावें लागतें.

त्यासाठीं शास्त्रज्ञांपाशीं एक जलद परीक्षा आहे. रक्ताचा थेंब किंवा मुळासह उपटलेला केस घेऊन त्यांतील डीएनए, म्हणजे आनुवंशिक गुणांचा लेख, अलग करतात. या लेखांतील एखादा ठराविक शब्द हेरून त्याच्याच नकला काढण्याची युक्ति कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञास १९८३ सालीं सुचली. प्रत्येक फेरीस नकला दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! कांहीं तासांत 'आहे' किंवा 'नाहीं' असें उत्तर मिळतें. मात्र तें विचारलेल्या शब्दापुरतेंच असतें. ही मर्यादा केवढी मोठी आहे, हें अमेरिकेंतील दोन वळूंनीं दाखवून दिलें.

दुभत्या होल्स्टीन जातीच्या वासरांचे शिंगांचे कोंब डागण्याची चाल तिकडे आहे. त्यांत मुक्या जिवाला फार वेदना होतात. अँगस जातीला जन्मतःच शिंगें नसतात. हा गुण होल्स्टीनच्या पेशींत उतरवून निर्माण केलेले दोन बिनशिंगी वळू २०१५ सालीं जन्मले. इच्छिलेला फरक जागेवर आहे, असें परीक्षेनें सांगितलें, आणि कर्त्यांचें समाधान झालें.

२०१९ सालीं अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यांतील शास्त्रज्ञांनीं त्यांचा सबंध आनुवंशिक लेख तपासला. तेव्हां जंतूंच्या डीएनएचें एक वेटोळें त्यांत शिरलेलें आढळलें! फेरफारासाठीं वापरलेलें हें वाहन मागें राहावयाचें नव्हतें. त्यावर जंतूंना प्रतिजैविकांपासून बचावणारीं दोन जनुकेंही होतीं. एका वळूच्या सहा वासरांपैकीं चार वासरांत तें उतरलें. वासरें निरोगी होतीं, हें खरें. वेटोळें शोधणेंही कठीण नव्हतें. पण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

आणखी एक विशेष असा, कीं बिनशिंगीपणाचा फरक सांपडला, तरी तो निसर्गदत्त कीं मनुष्यकृत, हें जलद परीक्षेस सांगतां येत नाहीं. कारण दोन्हींचा लेख एकच. वेटोळें सांपडल्यावर मात्र मनुष्याच्या हाताची खूण मिळाली.

म्हणून आधीं सबंध लेख वाचावा, त्यावरून प्रश्न ठरवावे, आणि मगच जलद परीक्षेकडे वळावें. हा क्रम पाळला, तरच तिच्या 'नाहीं' या उत्तरावर दुधाचा पेला हातीं घेणाऱ्यानें विश्वास ठेवावा.